भरलेली गोदामे आणि गावाकडचे रेशनकार्ड

टाळेबंदी लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देण्याची घोषणा केली. एवढे धान्य आणायचे कुठून, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. कारण १ एप्रिलला केंद्राच्या साठ्यात साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता आणि त्या तारखेसाठी ठरलेला किमान साठा होता सुमारे २.१ कोटी टनांचा.

१९१८ साली हे शक्य नव्हते. मुंबई बंदरातून आलेली इन्फ्लुएन्झाची साथ पसरत असतानाच पावसाने दगा दिला, खरीप बुडाले आणि दुखण्यातून उठलेल्यांना महागाईने गाठले.

साठ्याची आजची व्यवस्था मात्र साथीतून नव्हे, नामुष्कीतून उभी राहिली. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला. ‘पीएल-४८०’ या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर देश विसंबून होता आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन तो हात आखडता घेऊन, थोडाथोडाच सोडत होते. धान्य खरेदी करून साठवणारे भारतीय अन्न महामंडळ आणि पिकांचे भाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग जानेवारी १९६५ मध्ये स्थापन झाले होते. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अधिक पीक देणाऱ्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे आले. तरीही १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरच्या आयात मिलोची (लाल ज्वारीची) लालसर भाकरी खाल्लीच, आणि जुन्या पिढीला तिची चव अजून आठवते.

पुढे हमीभाव आणि खात्रीची सरकारी खरेदी यांच्या जोरावर पंजाब-हरियाणाने गोदामे भरली. ही स्वयंपूर्णता मुख्यतः गहू-तांदळापुरती होती. खाद्यतेल २०२० मध्येही निम्म्याहून अधिक बाहेरूनच येत होते.

खरी अडचण वाटपात निघाली. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने लाभार्थींची संख्या २०११च्या जनगणनेवरून ठरवली आणि कार्ड गावच्या दुकानाला बांधलेले राहिले. त्यामुळे भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बिहारी कामगाराच्या नावाचा कोटा गावच्या दुकानात येई आणि इथला दुकानदार त्याला रिकाम्या हाताने परत पाठवी. कोणत्याही राज्यात धान्य मिळण्याची सोय ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या दोन जोड्यांपासून सुरू झाली होती, पण तिचा देशभर विस्तार अजून व्हायचा होता. कार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचे धान्य जाहीर झाले ते मे महिन्याच्या मध्यावर, म्हणजे हजारो माणसे पायी गावाकडे निघून गेल्यानंतर.