भरतीचा आलेख किती सरकवायचा?

आलेख सरकवला म्हणजे आकड्यांशी खेळ केला, हा समज सर्रास आढळतो. पण किती सरकवला आणि कशासाठी, हे सांगून सरकवलेला आलेख हे एक मोजमापच असते. गोव्यातल्या मांडवी नदीची भरती हे त्याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण.

मुखाजवळच्या पणजीला पाणी चढते त्याच क्षणी ते नदीत आत असलेल्या वळवईला किंवा गांजेला चढत नाही. मांडवीत भरती मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाते आणि त्याला वेळ लागतो. उथळ पाण्यात तिचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. खोली सरासरी ५ मीटर धरली तर वेग सेकंदाला ७ मीटर येतो. म्हणजे मुखापासून ४० किलोमीटर आतल्या ठिकाणी भरती साधारण ९५ मिनिटे उशिरा पोहोचायला हवी. दोन्हीकडच्या पातळीच्या नोंदी हाती असतील, तर आतला आलेख तेवढा मागे सरकवून पाहायचा.

एक्सेलमध्ये हे काम मॅक्रोवर, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोपवता येते. फक्त एक्सेल वेळ दिवसाच्या अपूर्णांकात साठवते, हे विसरायचे नाही. वेळेच्या स्तंभातून नुसते ९५ वजा केले तर आलेख ९५ दिवस मागे जातो. वजा करायचे ९५ भागिले १४४०, म्हणजे सुमारे ०.०६६. शिवाय मॅक्रो चालल्यावर 'अनडू' चालत नाही, आणि तोच मॅक्रो चुकून दोनदा चालला तर आलेख दुप्पट सरकतो. म्हणून मूळ स्तंभाला हात लावायचा नाही, सरकवलेली वेळ शेजारच्या स्तंभात लिहायची.

पण ९५ हा झाला सूत्राचा अंदाज. नोंदींतून खरा आकडा कसा काढायचा? मला सर्वांत सुंदर वाटते ती पायरी हीच. दोन्ही मालिकांमधून त्यांची त्यांची सरासरी वजा करायची. मग एका वेळची इकडची आणि तिकडची किंमत गुणायची. दोन्हीकडे पाणी सरासरीच्या वर असेल तर गुणाकार धन, दोन्हीकडे खाली असेल तरीही धन. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल तर ऋण. सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची. मग एक मालिका एक घर, म्हणजे एक नोंद, सरकवायची, पुन्हा गुणाकार, पुन्हा बेरीज. लाटा एकमेकींवर नीट बसल्या की बेरीज सर्वांत मोठी होते. काचेवर दोन ट्रेसिंग पेपर धरून एक हळूहळू सरकवावा, तेच हे काम, फक्त डोळ्यांऐवजी बेरजेने केलेले. मॅक्रोला त्यासाठी एकात एक अशी दोन आवर्तने (लूप) पुरतात.

नोंदी दर १० मिनिटांच्या असतील तर ९५ मिनिटांचे घरच नसते. तेव्हा सर्वांत मोठी बेरीज आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा अशा तीन बिंदूंतून पॅराबोला, म्हणजे घुमटासारखा वक्र, काढायचा. त्याचा माथा जिथे येतो, तो आपला उशीर.

इथे एक सापळा आहे. चंद्रामुळे येणारी मुख्य भरती दर १२ तास २५ मिनिटांनी परतते, त्यामुळे तेवढे आणखी सरकवले तरी आलेख पुन्हा छान जुळतो. म्हणून शोध शून्य ते चार तासांपुरताच ठेवायचा. अमावास्या-पौर्णिमेचा संबंध आजारांशी, अपघातांशी, बाजारभावांशी जोडणारे 'पुरावे' पुष्कळदा याच सापळ्यातून निघतात. हवे तितके सरकवायची मुभा घेतली की कोणतेही दोन चढउतार कुठेतरी जुळतातच. सरकवण्यामागे कारण हवे आणि मर्यादा आधी ठरलेली हवी. भरतीच्या बाबतीत दोन्ही आहेत.

आणि इतके करूनही मांडवीसारख्या नदीत दोन आलेख तंतोतंत बसत नाहीत. पाणी एक मीटर चढले की खोली ६ मीटर होते, भरतीच्या माथ्याचा वेग वाढतो आणि त्याला सुमारे ८७ मिनिटे लागतात. ओहोटीच्या तळाशी खोली ४ मीटर उरते. तो तळ आत पोहोचायला सुमारे १०६ मिनिटे घेतो. हिशेब ढोबळ आहे, कारण खऱ्या नदीची खोली सगळीकडे सारखी नसते. पण माथा लवकर आणि तळ उशिरा आला, तर तळापासून माथ्यापर्यंतचा काळ, म्हणजे आतली भरती, सुमारे २० मिनिटांनी आखडते आणि ओहोटी तितकीच लांबते. एकाच सरकवण्याने हा फरक मिटणार नाही. माथ्यांसाठी आणि तळांसाठी मॅक्रो वेगवेगळा चालवावा लागतो.