पाच छेद अठरा की अठरा छेद पाच?

भाची नववीत आहे. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलो आणि १२० ची पाटी दिसताच तिने विचारलं, "मामा, याचे मीटर प्रतिसेकंद करायचे तर पाच छेद अठराने गुणायचं की अठरा छेद पाचने? सूत्र पाठ आहे, पण उलटं की सुलटं तेच आठवत नाही न!"

माझं मत विचाराल तर हे सूत्र पाठ करूच नये. आकड्यामागचं एकक हे नुसतं शेपूट नसतं, तेही गणितात भाग घेतं. अंशात आणि छेदात एकच एकक आलं की ते कटतं, अगदी आकडे कटतात तसंच. दुसरी गोष्ट, १००० मीटर म्हणजेच १ किलोमीटर, म्हणून या दोघांचा भागाकार १. एकाने कितीही वेळा गुणा, वेग तोच राहतो. फक्त त्याचे कपडे बदलतात.

टोलच्या पावतीमागे लिहून दाखवलं:

१२० किमी/तास × १००० मी/१ किमी × १ तास/३६०० से

किमी कटला, तास कटला. उरलं मी/से, आणि उत्तर ३३.३. पाच छेद अठरा म्हणजे दुसरं काही नाही, १००० भागिले ३६०० चा संक्षेप. चुकून पहिला अपूर्णांक उलटा मांडला तर वर किमीचा वर्ग येतो आणि खाली मीटर लोंबकळत राहतो. असा वेग जगात कुणाचाच नसतो, त्यामुळे चूक उत्तर काढण्याआधीच दिसते. (आणि या वेगात ड्रायव्हरने दोन सेकंद मोबाइल पाहिला तर गाडी ६६ मीटर आंधळी धावते. हे ऐकून भाचीने माझा फोन आपल्याकडे ठेवून घेतला.)

सोनेगावच्या विमानतळावर वारा नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजेच १८५२ मीटर. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी जहाजावरून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत. समुद्र नागपूरपासून कोसो दूर, पण गाठी आपल्याकडेही पोचल्या. वारा १० नॉट असेल तर १० × १.८५२, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर.

खरी गंमत अंबाझरीला सकाळी पळणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. तिथे वेग उलटा असतो: एका किलोमीटरला ६ मिनिटं. म्हणजे वेळ वर, अंतर खाली. आकडा वाढला की माणूस मंदावला! यावरून ताशी वेग काढायचा तर आधी अपूर्णांक पालथा करा: १ किमी/६ मिनिटं × ६० मिनिटं/१ तास. मिनिटं कटली, उरले १० किमी/तास.

भाचीने लगेच माझा कालचा आकडा घेतला, ६:३०. तिने ६० ला ६.३० ने भागलं आणि साडेनऊ सांगितले. एककं बिनचूक कटली होती, तरी उत्तर चुकलं. साडेसहा मिनिटं म्हणजे ६.५, खरा वेग ९.२. तिचा हिशेब मला जास्त आवडला होता, पण दुरुस्त करावा लागला.