हातपंपाची बिअर आणि नळाची बिअर

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या पबात काउंटरवर दोन तऱ्हेची यंत्रं दिसतात. लांब मुठीचा, हाताने ओढायचा दांडा तो हातपंप. त्यातून कास्क एल येते, म्हणजे पिंपातच मुरत राहणारी ‘एल’ प्रकारची बिअर. शेजारचा आखूड, नुसता कलता करायचा नळ केगचा, म्हणजे वायूच्या दाबाने बिअर वर ढकलणाऱ्या पिंपाचा. पिंपं दोन्हीची बहुधा धातूचीच, पाइंटही ५६८ मिलीलिटरचाच. त्यामुळे नवखा माणूस हातपंपाचा पेला घेतो आणि ‘कोमट, मेलेली बिअर’ असा शेरा मारून मोकळा होतो.

केगमधली बिअर सहसा ब्रुअरीतच गाळून, बऱ्याचदा पाश्चराइज करून येते. पिंप जोडायचं, कार्बन डायऑक्साइडचा (काही बिअरना नायट्रोजन मिसळलेल्या वायूचा) दाब द्यायचा, वाटेत थंड करायची, झालं. हवा आत जात नाही म्हणून ती आठवडे टिकते. हल्ली न गाळलेली बिअरही केगमध्ये मिळते, पण वायूचा दाब तिलाही लागतोच.

कास्कमध्ये यीस्ट जिवंत असतं, आणि उरलेलं काम पबच्या तळघरात होतं. पिंप घोडीवर आडवं ठेवून पाचरांनी पक्कं करतात. वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची मऊ खुंटी ठोकली की जादा वायू फेसासकट बाहेर पडतो. फेस ओसरला की कठीण खुंटी बसवून वायू कोंडायचा. गाळ खाली बसायला साधारण २४ तास द्यायचे, तळघर ११ ते १३ अंश सेल्सियसवर ठेवायचं. म्हणजे ही बिअर कोमट नव्हे, फक्त बर्फगार नसते. विक्रीच्या वेळी कठीण खुंटी काढतात, कारण बिअर निघेल तशी हवा आत जायला हवी. रात्री ती परत ठोकायला विसरलं की सकाळी बिअर बसकी. पिंपाला धक्का लागला की गढूळ. आणि उघडल्यावर तीनेक दिवसांत संपली नाही की व्हिनेगरकडे झुकलेली.

हा शेवटचा हिशेब महत्त्वाचा. फर्किन या मापाचं कास्क म्हणजे ९ गॅलन, ७२ पाइंट; तीन दिवसांत संपवायचं तर एकाच एलचे रोज २४ पाइंट खपायला हवेत. छोट्या गावात सहा हातपंप आणि गिऱ्हाइकं चार असतील, तर सर्वांत जास्त खपणारी एल विचारून घ्यावी. सफोकमधल्या लॅक्सफील्डच्या किंग्ज हेडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या ‘लो हाउस’मध्ये, तर काउंटरच नाही: पंपसुद्धा मध्ये नसतो, मागच्या खोलीतल्या पिंपाच्या तोटीतूनच पेला भरून देतात.

केगचा जोर वाढून कास्क मागे पडू लागली तेव्हा, १९७१ मध्ये, तिच्या बाजूने ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. तिचा आग्रह पटतो, पण तळघर नीट न सांभाळणाऱ्या पबात केगच घेतलेली बरी.

शाकाहारी माणसाने मात्र आधी विचारावं. कास्कमधला गाळ लवकर बसावा म्हणून बऱ्याच ब्रुअरी आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. आपल्या कोळीवाड्यांत घोळ माशाची हीच पिशवी, म्हणजे बोत, मोठ्या किमतीला जाते. केगमध्ये ते नसेलच असंही गृहीत धरू नये. काही ब्रुअरी त्याशिवायची, थोडी धूसर कास्क एल मुद्दाम विकतात आणि तसं पंपावरच्या पाटीवर लिहितात. पाटीवर तसं काही नसताना पेला गढूळ किंवा आंबट निघाला, तर संकोच न करता परत द्यावा. चांगल्या पबात तो बदलून मिळतो.