कुल्फीचं कुलूप

मटका कुल्फीवाला मडक्याच्या तोंडावरचं ओलं लाल फडकं बाजूला सारतो, कोपरापर्यंत हात आत घालतो आणि खारट बर्फातून पत्र्याचा एक निमुळता साचा बाहेर काढतो. झाकणाच्या कडेने कणकेची वळी लावलेली असते, ती नखाने खरवडून टाकतो. मग साचा दोन्ही तळव्यांत धरून रवी फिरवावी तसा चार-सहा वेळा फिरवतो, काडी खुपसतो आणि कुल्फी अलगद सुटून येते. लहानपणी मला त्या कणकेचं कोडं पडायचं. दुधाच्या पदार्थाला बाहेरून कणीक कशाला?

उत्तर नावातच आहे. कुल्फी म्हणजे मुळात झाकणाचा, घट्ट बंद होणारा पेला. अरबी ‘कुफ्ल’चा फारसीत ‘कुल्फ’ झाला आणि त्याच शब्दापासून आपलं ‘कुलूप’ आलं. दाराला लावतो ते कुलूप आणि उन्हाळ्यात खातो ती कुल्फी एकाच घरातली. भांड्याचं नाव आतल्या पदार्थाला चिकटलं आणि कायमचं राहिलं. आणि हे कुलूप हवंच, कारण साच्याच्या चहूबाजूंनी मीठ असतं. त्याचा एक ओघळ आत शिरला तरी सगळं दूध फुकट.

मग मीठ घालायचंच कशाला? नुसत्या बर्फात दूध गोठत नाही म्हणून. साखर घातलेलं, आटवलेलं दूध शून्य अंशाच्याही खाली गेल्याशिवाय गोठायला लागत नाही आणि वितळता बर्फ शून्यावर अडून बसतो. बर्फ आणि त्याला लागून असलेलं पाणी यांच्यात सतत देवघेव चालू असते: काही रेणू बर्फातून सुटतात, काही परत येऊन चिकटतात. पाण्यात मीठ विरघळलं की परत येणाऱ्यांची वाट अडते, सुटणाऱ्यांची मात्र नाही. म्हणून बर्फ भराभर वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता तो शेजारपाजारहून ओढून घेतो, म्हणजे खाऱ्या पाण्यातून, पत्र्यातून आणि पत्र्याआडच्या दुधातून. मिठाचं प्रमाण नेमकं जमलं तर हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. साचा पत्र्याचा, कारण उष्णता चटकन बाहेर पडायला हवी. मडकं मातीचं, कारण बाहेरचं ऊन सावकाश आत यायला हवं. विजेशिवाय चालणारं याहून नेटकं शीतयंत्र मला तरी ठाऊक नाही.

कुल्फीचा उगम मुघलांच्या काळातला मानतात. त्या दरबाराला गारव्याची केवढी ओढ होती ते अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वाचायला मिळतं. बंदुकीच्या दारूत भडका उडवणारा शोराच बादशहा पाणी गार करायला वापरतो, असं तो कौतुकाने सांगतो. पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकायचा आणि पिण्याच्या पाण्याची तोंडबंद सुरई त्यात पाव तास हलवत राहायची. शोरा विरघळताना उष्णता शोषतो, त्यामुळे सुरईतलं पाणी थंड होतं. एवढ्याने दूध मात्र गोठत नाही. 1586 च्या सुमारास दरबाराचा मुक्काम पंजाबात आला आणि उत्तरेच्या डोंगरांतून, लाहोरपासून सुमारे 45 कोसांवरून, नावांनी, गाड्यांनी आणि माणसांच्या खांद्यांवरून बर्फ येऊ लागला.

पण कुल्फीचं खरं वेगळेपण गोठवण्यात नाही, ते चुलीवर आहे. आइस्क्रीम गोठताना सारखं घुसळावं लागतं. 1843 मध्ये अमेरिकेत नॅन्सी जॉन्सनने दांडा फिरवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मे महिन्यात ज्या पॉटचा दांडा आपण भावंडांनी आळीपाळीने फिरवला, ते पॉट याच जातीचं. आतलं पातं कडेला धरलेले बर्फाचे कण खरवडतं, त्यांना मोठं होऊ देत नाही आणि मिश्रणात हवाही कोंडतं. बाजारच्या आइस्क्रीममध्ये आकारमानाने निम्मी हवा असू शकते. कुल्फीला कुणी घुसळत नाही, साच्यात ती निमूट पडून असते. अशा शांत गोठण्यात बर्फाचे स्फटिक ऐसपैस वाढतात. ते साधारण 50 मायक्रोमीटरच्या पुढे गेले की जिभेला खरखर जाणवते. मग कुल्फी दातांखाली करकर का वाजत नाही?

कारण वाढायला लागणारं पाणीच आपण आधी उडवून टाकलेलं असतं. म्हशीच्या एक किलो दुधात सुमारे 830 ग्रॅम पाणी असतं. ते आटवून अर्धा किलो केलं की पाणी उरतं 330 ग्रॅम आणि स्निग्धांश, प्रथिनं, दुधातली साखर मिळून 170 ग्रॅम ऐवज जसाच्या तसा राहतो. शिवाय तापल्यावर दुधातल्या काही प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती पाणी धरून ठेवतात. अशा दाट रबडीत पाण्याच्या रेणूंना धड हलता येत नाही, मोठा स्फटिक रचणं तर लांबच. पात्याचं काम विस्तवाने आधीच उरकलेलं असतं. तो मळकट केशरी रंग आणि खरपूस वासही तिथलाच. प्रथिनं आणि दुधातली साखर यांच्यात मंद आचेवर अभिक्रिया होते. 1912 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार याने तिचं वर्णन केलं म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भाकरीला पडणारे तांबूस डागही तिचेच. कंडेन्स्ड मिल्क आणि ब्रेडचा चुरा घालून केलेली झटपट कुल्फी मी खाल्ली आहे, गोड लागते, पण कढईच्या कडेची साय पुन्हापुन्हा दुधात लोटत तासभर उभं राहिल्याचा वास तिला येत नाही.

आटवण्याचाही अतिरेक नको. दुधातली साखर, लॅक्टोज, थंड पाण्यात फार विरघळत नाही: शून्य अंशाला 100 ग्रॅम पाण्यात 12 ग्रॅमच्या आसपास. दूध तिसऱ्या हिश्शापर्यंत आणून कुल्फी महिनाभर फ्रीजरमध्ये ठेवली की ही साखर बाहेर पडून रवे धरते आणि कुल्फी बारीक वाळूसारखी लागते. अशी कुल्फी बिघडलेली नसते, तिचं लॅक्टोज तेवढं वेगळं झालेलं असतं. घरी करताना दूध निम्म्यावर आलं की मी गॅस बंद करते आणि आठवड्याच्या आत साचे रिकामे होतील एवढीच करते.

आता त्या तळव्यांकडे पुन्हा एकदा बघा. हाताची ऊब पत्र्यातून क्षणात आत जाते आणि कुल्फीचा कागदाएवढा पातळ थर वितळतो, तेवढंच वंगण सुटायला पुरतं. काडीवरची कुल्फी मात्र उन्हातही बराच वेळ तग धरते. आत हवा कमी, म्हणून तेवढ्याच आकारात वितळवायला ऐवज जास्त. आणि बर्फ वितळला तरी भोवतालची रबडी दाट असल्याने जागची हलत नाही. घाई केली नाही तर शेवटी काडीवरून मनगटाकडे एक जाड, केशरी थेंब सावकाश उतरू लागतो, आणि तो चाटून घ्यायला भरपूर वेळ मिळतो.