कंपनीने दिलेला चेक आणि कर्मचाऱ्याने दिलेला वेळ, दोन्ही एकाच खात्यात टाकू नका

दरवर्षी वार्षिक अहवालाचे दिवस आले की माझ्याकडे तीच स्लाइड येते. डावीकडे कंपनीने वर्षभरात दिलेल्या देणग्यांचा आकडा, उजवीकडे एंगेजमेंट सर्व्हेचा, म्हणजे कर्मचारी कामात किती जीव ओततात हे मोजणाऱ्या पाहणीचा, स्कोअर आणि मधे एक जाड बाण. हा बाण कशाच्या जोरावर काढला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, मॅडम, कंपनी समाजासाठी करते म्हटल्यावर लोकांना बरं वाटणारच ना. बरं वाटतं हे खरंच आहे, पण बरं वाटणं आणि कामात जीव ओतणं यात फरक आहे, आणि कंपनीने देणगी देणं आणि कर्मचाऱ्याने व्हॉलंटिअरिंग करणं यातही तेवढाच फरक आहे. एचआरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर हा गोंधळ मला आता अजिबात बघवत नाही म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

देणगीबद्दल फार सांगत बसत नाही, ती तुम्हाला माहितीय. बोर्ड किंवा एखादी समिती संस्था निवडते, रक्कम ठरते, करार होतो, चेक जातो, संस्था अहवाल पाठवते. चांगली गोष्ट आहे, संस्थांचे पगार आणि भाडं त्यातूनच निघतं, आणि जी संस्था दहा वर्षं टिकून काम करते तिला व्हॉलंटिअरपेक्षा नियमित पैशाची गरज जास्त असते हे मी कुठेही ठामपणे सांगेन. एकाला चांगलं म्हणायला दुसऱ्याला नावं ठेवायची काही गरज नाही.

आता फरक. पहिला सगळेच सांगतात, एकात पैसा जातो, दुसऱ्यात वेळ. दुसरा, एकाचा हिशेब फायनान्सकडे, दुसऱ्याचा एचआरकडे. तिसरा, एकाची पावती मिळते, दुसऱ्याची नाही. हे सगळं बरोबर आहे आणि यातलं काहीही महत्त्वाचं नाही. पैसा विरुद्ध वेळ हा फरक तर चक्क दिशाभूल करतो, कारण कर्मचारी पैसे देऊनही गुंतू शकतो आणि अख्खा दिवस देऊनही कोरडा राहू शकतो.

खरा फरक एकच, ठरवलं कोणी.

कंपनी देणगी देते तेव्हा कर्मचारी फक्त मम म्हणतो. संकल्प दुसऱ्याचा, विधी दुसऱ्याचा, आपला हात नुसता लागलेला. टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या बैठकीत, टाळ्या वाजतात, अभिमानही वाटतो, तो खोटा नसतो, पण तो बघणाऱ्याचा अभिमान असतो. व्हॉलंटिअरिंगमध्ये माणूस स्वतः ठरवतो की मी जाणार, या संस्थेत जाणार आणि हे काम करणार. शब्दच बघा ना, स्वयंसेवा. त्यातला स्वयं काढला तर उरते ती नुसती सेवा, आणि ती तर तो ऑफिसात रोज करतोच, पगार घेऊन.

हे माझं नुसतं मत नाही. एंगेजमेंट हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो बराचसा विल्यम कान यांच्या १९९० च्या शोधनिबंधातून आलाय. त्यांनी एका उन्हाळी शिबिरातल्या मार्गदर्शकांचा आणि एका आर्किटेक्चर फर्ममधल्या लोकांचा अभ्यास केला होता, आणि प्रश्न असा होता की माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी मागे खेचून घेतो. तीन गोष्टी सापडल्या: कामाला अर्थ आहे असं वाटणं, मोकळेपणाने वागलं तर आपल्यावर शेकणार नाही याची खात्री, आणि अंगात तेवढी ताकद आणि उसंत शिल्लक असणं. आता या तीन गोष्टींच्या शेजारी कंपनीचा चेक ठेवून बघा. कंपनीबद्दलचं मत त्याने सुधारेल, पण माझ्या हातातल्या कामाला त्याने अर्थ येईलच असं नाही, मॅनेजरसमोर बोलायची माझी भीती कमी होत नाही, आणि उसंत तर मिळतच नाही.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो कारण तो पैशाचाच आहे. अ‍ॅडम ग्रँट, जेन डटन आणि ब्रेंट रोसो यांचा २००८ चा अभ्यास आहे, एका मोठ्या रिटेल कंपनीतला. तिथे अडचणीत सापडलेल्या सहकाऱ्यांसाठी एक फंड होता आणि कर्मचारी स्वतःच्या खिशातून त्यात पैसे घालायचे. अशा फंडाचा फायदा ज्यांना मदत मिळते त्यांच्या निष्ठेला होतो असं आपण सहज धरून चालतो, पण ज्यांनी दिलं त्यांचीही कंपनीशी बांधिलकी वाढलेली दिसली. कारण दिल्यामुळे ते स्वतःकडे माणसांची काळजी घेणारा माणूस म्हणून बघायला लागले आणि ही संधी देणाऱ्या कंपनीकडेही त्याच नजरेने बघायला लागले. ही मदत बाहेरच्या समाजासाठी नव्हती, सहकाऱ्यांसाठी होती हे खरं, पण मुद्दा तोच राहतो, खारीचा का होईना पण वाटा स्वतःचा असला की माणूस बदलतो.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त राग येतो तो सक्तीच्या व्हॉलंटिअरिंगचा. पूर्वी मी जिथे होते तिथे एकदा मेल आला होता, शनिवारी स्वयंसेवा दिन, उपस्थिती अनिवार्य, न येणाऱ्यांनी मॅनेजरची परवानगी घ्यावी. एका वाक्यात स्वयंसेवा आणि अनिवार्य, आणि हे कोणालाच खटकलं नाही. दीडशे लोक एका शाळेच्या भिंती रंगवायला गेले, ब्रश होते चाळीस. टी-शर्ट मात्र प्रत्येकाला, साइजनुसार. अकरा वाजता फोटो झाले आणि त्यानंतर बहुतेक लोक सावलीत मोबाइल बघत बसले होते. शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या की भिंती मागच्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने रंगवल्या होत्या, आम्हाला खरं तर आठवड्यातून दोन तास गणित शिकवणारं कोणीतरी हवं होतं. अहवालात तो दिवस दीडशे व्हॉलंटिअर आणि नऊशे तास असा गेला. तो आकडा मीच टाइप केला होता आणि टाइप करताना फार वाईट वाटलं होतं.

सक्तीने निदान सवय तरी लागते असं म्हणणारे असतात. स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास याच्या उलट सांगतो. ज्यांना एरवी आपणहून जावंसं वाटत नव्हतं त्यांना सक्तीने पाठवलं तेव्हा पुढे परत काम करायची त्यांची इच्छा, निवड दिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी राहिली. शिवाय आधी केलेल्या कामामुळे पुढेही करावंसं वाटतं हा जो एरवीचा संबंध असतो तो, हे आपल्यावर बाहेरून लादलंय अशी भावना जिथे जास्त होती तिथे, दिसेनासा झाला. म्हणजे अनिच्छुक तर मिळत नाहीतच, वर ज्यांनी आधी काम केलंय त्यांचा तो अनुभवही पुढे कामी येईनासा होतो. हाच हिशेब अप्रेझलमध्ये व्हॉलंटिअरिंगचे गुण ठेवणाऱ्यांना लागू होतो, आणि मॅनेजर स्वतः टीमभर फिरून गळ घालतो तिथेही, कारण वर्षाअखेरीस रेटिंग देणाऱ्या माणसाने घातलेली गळ ही गळ नसते, तो हुकूमच असतो.

मग मॅचिंग गिफ्टचं काय, हा प्रश्न हमखास येतो. कर्मचारी जेवढं देईल तेवढीच भर कंपनी घालणार, ही पद्धत १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या फाउंडेशनने सुरू केली. पैसा कंपनीचा असला तरी मी हिला बेधडक व्हॉलंटिअरिंगच्या बाजूला ठेवते, कारण संस्था कर्मचाऱ्याने निवडलेली असते आणि कंपनी त्याच्या निवडीमागून जाते. याउलट पगारातून आपोआप कापली जाणारी रक्कम, जी नको असेल तर फॉर्म भरून थांबवावी लागते आणि जी कंपनीने ठरवलेल्या एकाच संस्थेला जाते, ती कर्मचाऱ्याच्या खिशातली असूनही माझ्या लेखी कंपनीचीच देणगी. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीचं १९९९ पासूनचं एक-एक-एक मॉडेल बघा, इक्विटीचा (म्हणजे शेअर्सचा), प्रॉडक्टचा आणि कर्मचाऱ्यांच्या वेळेचा प्रत्येकी १ टक्का. तिथे तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या नावांनी मोजल्या जातात, एकात एक कालवल्या जात नाहीत, आणि मला हे नेहमीच योग्य वाटत आलंय.

निवडीनंतर दुसरी गोष्ट लागते ती म्हणजे ज्याच्यासाठी केलं तो माणूस दिसणं. २००७ मध्ये ग्रँट आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या लोकांवर प्रयोग केला, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही जणांची फक्त ५ मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने बघितलं तर या लोकांचा आठवड्यातला फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमा केलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. हे पगारी काम होतं, व्हॉलंटिअरिंग नव्हे, पण म्हणून तर हा प्रयोग एचआरने पाठ करायला हवा. भिंत रंगवणाऱ्या दीडशे जणांना त्या शाळेतलं एकही मूल भेटलं नव्हतं, शनिवार असल्याने शाळा बंद होती.

याच्या अगदी उलट चित्र मी आमच्या अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याचं बघितलंय. एका छोट्या संस्थेचं देणगीदारांचं रजिस्टर तीन वह्यांत होतं, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, पावती नंबर दोनदा-दोनदा पडलेले. हा चार शनिवार आपणहून तिथे जाऊन बसला, एकेक पावती जुळवली, सगळं एका शीटमध्ये आणलं आणि वह्या लिहिणाऱ्या ताईंना ती शीट वापरायला शिकवून आला. पाचव्या आठवड्यात ताईंचा ऑफिसात फोन आला की ऑडिट पहिल्यांदाच एका दिवसात झालं, तर तो डेस्कवरून उठून आम्हा सगळ्यांना सांगत सुटला. रिकन्सिलिएशन, म्हणजे नोंदी एकमेकींशी जुळवणं, हेच त्याचं ऑफिसातलंही काम, वर्षानुवर्षं करत आलेला, पण त्यानंतर नवीन मुलांना ते शिकवताना त्याच्या आवाजात जो फरक पडला तो मी स्वतः ऐकलाय. म्हणून मला विचाराल तर स्वतःचं कसब वापरून केलेलं छोटं काम कधीही चांगलं, गर्दी करून केलेलं मोठं नको.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. व्हॉलंटिअर करणाऱ्यांचा एंगेजमेंट स्कोअर जास्त आला म्हणून व्हॉलंटिअरिंगनेच तो वाढला असं नसतं, मुळात उत्साही असलेले लोकच आधी नाव नोंदवतात. जेसिका रोडेल यांच्या २०१३ च्या संशोधनात तर दोन्ही तऱ्हेचे लोक दिसले, ज्यांना नोकरीत अर्थ मिळतोय तेही जास्त व्हॉलंटिअरिंग करत होते आणि ज्यांना तो कमी पडतोय म्हणून हवा आहे तेही, आणि व्हॉलंटिअरिंगमुळे कामात व्यत्यय येतो ही मॅनेजरांची नेहमीची भीती मात्र त्यात खरी ठरली नाही, उलट कामात तल्लीन होण्याशी त्याचा संबंध दिसला. विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांचा डेटा तपासला, ताण कमी करायचे कोर्स, माइंडफुलनेस, वेलनेस अ‍ॅप असल्या उपायांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे दिसले नाहीत, अपवाद दिसला तो व्हॉलंटिअरिंगचा. अर्थात तीही एका वेळची पाहणी आहे, कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाहीत, त्यामुळे तो आकडा घेऊन परत नवा बाण काढू नका.

स्लाइड करायचीच असेल तर आधी दोन कॉलम वेगळे करा आणि देणगीच्या कॉलमपासून एंगेजमेंटकडे जाणारा बाण पुसून टाका. व्हॉलंटिअरिंगच्या फॉर्ममध्ये किती तास दिले हा एकच प्रश्न असतो, त्याच्या खाली आम्ही दोन प्रश्न वाढवलेत: हे काम तुम्ही स्वतः निवडलंत का, आणि ज्यांच्यासाठी केलंत त्यांना भेटलात का. दोन्हींना हो म्हणणाऱ्यांचा सर्व्हे स्कोअर वेगळा काढा, आणि त्यांचा आदल्या वर्षीचा स्कोअरही शेजारी ठेवा, म्हणजे कोण आधीपासूनच उत्साही होतं तेही दिसेल.