लिस्प म्हणे फक्त प्राध्यापकांची!

"लिस्प या कंसांनी गजबजलेल्या प्रोग्रामिंग भाषेत ते कंस मोजण्यापलीकडे कोणी काही केलंय का?" हिंजवडीत हा प्रश्न चहासोबत फुकट मिळतो. तिकडे भोसरीतला ड्राफ्ट्समन ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अ‍ॅपलोड' (APPLOAD) ही कमांड मारून मित्राने दिलेली चिमुकली फाइल चढवतो आणि तासाभराचं काम एका कमांडीत उरकतो. ती फाइल लिस्पचीच. ऑटोकॅडमध्ये लिस्प १९८६ पासून नांदतेय, त्या बिचाऱ्याला नावही ठाऊक नसतं. १९९९ मध्ये नासाचं 'डीप स्पेस १' यान काही काळ लिस्पमधल्या प्रोग्रामनेच हाकलं. जावा भाषेवाले ज्या गार्बेज कलेक्शनच्या, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याच्या सोयीच्या, जिवावर निवांत झोपतात, तेही आधी लिस्पसाठीच जन्मलं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणाल तर मैदान सी भाषेचंच, वादच नाही. आणि याहूने १९९८ मध्ये घेतलेलं लिस्पमधलं वायावेब हे ऑनलाइन दुकान थाटायचं सॉफ्टवेअर पुढे सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलं गेलं, हेही खरं.