बंद केलेली मालिका आणि संपलेली मालिका

परभणी-हिंगोलीकडं एखादी आवडती विनोदी मालिका अचानक दिसेनाशी झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चांगली चालली होती, बंद कामून केली?" या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. वाहिनीनं मालिका बंद करणं वेगळं आणि करणाऱ्यांनीच ती संपवणं वेगळं. घरात बसून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, सोमवारपासून त्या वेळेला दुसरंच काहीतरी लागतं. पण ती मालिका पुढं परत येईल का, कोण आणेल आणि आणताना कुठं फसेल, हे बरंचसं या फरकावर ठरतं.

आधी बंद करण्याचं पाहू, कारण गैरसमज तिथं जास्त आहेत. "सगळं गाव बघत होतं" हे खरं असूनही मालिका बंद होऊ शकते. भारतात 2015 पासून टीआरपी मोजण्याचं काम बार्क ही संस्था करते. देशातल्या 50 हजारांहून जास्त घरांत तिचे मीटर आहेत. टीव्ही असलेली घरं मात्र 2020 च्या अंदाजानुसार 21 कोटी. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. कोण पाहतंय हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं असतं. आकडे आठवड्याला येतात आणि मराठी वाहिन्या ते महाराष्ट्र-गोवा असे एकत्र वाचतात, त्यातच मराठवाड्याचे आठही जिल्हे आले. आता लातूरच्या वसतिगृहातली पोरं तीच मालिका यूट्यूबवर तुकड्यातुकड्यानं पाहत असतील, तर ते पाहणं या आकड्यात धरलं जात नाही. भारनियमनामुळं रात्रीचा भाग हुकला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला, तर तो दुपारच्या खात्यात जातो. रात्रीच्या जागेचं भाडं त्यातून निघत नाही.

आणि नुसती डोकी मोजून भागत नाही. नियमाप्रमाणं तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटं जाहिरात, ती विकली जाते 10 सेकंदांच्या भावानं. जाहिरातदार विचारतो की पाहणारे कोण, शहरातले का खेड्यातले, कोणत्या वयाचे, घरात काय काय वस्तू आहेत. अमेरिकेत वर्षानुवर्षं 18 ते 49 या वयोगटाचा आकडाच खरा मानला गेला. एकूण प्रेक्षक भरपूर, पण त्यात म्हातारी माणसं जास्त, म्हणून मालिका गेल्याची उदाहरणं तिथं आहेत. वाहिनी एका मालिकेचा हिशेब एकटा करत नाही, हेही लक्षात घ्यावं. एका भागाचा खर्च, त्यातून येणारी जाहिरात, आणि त्याच अर्ध्या तासात दुसरं काही लावलं तर किती मिळेल, असा तिहेरी हिशेब असतो. नफ्यातली मालिकाही तिसऱ्या आकड्यापुढं हरते.

यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी बाब म्हणजे मालकी. आमच्या मते निम्म्याहून जास्त कोडी इथंच सुटतात. अमेरिकेत मालिका स्टुडिओ बनवतो. वाहिनी त्याला दाखवण्याचं शुल्क देते आणि ते बहुधा निर्मितीच्या खर्चापेक्षा कमी असतं. उरलेला तोटा स्टुडिओ सोसतो, कारण साधारण शंभरेक भाग साठले की ती मालिका इतर स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवायला विकता येते. ती कमाई स्टुडिओची. मग दुसऱ्याच्या स्टुडिओची मालिका असेल, तर वाहिनीला फक्त आजची जाहिरात दिसते. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' फॉक्स या वाहिनीनं 10 मे 2018 ला बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी एनबीसी या दुसऱ्या वाहिनीनं घेतली. लोकांना वाटलं चाहत्यांनी इंटरनेटवर गदारोळ केला म्हणून. गदारोळ झाला हे खरं, पण मालिका मुळात एनबीसीच्याच समूहातल्या युनिव्हर्सल स्टुडिओची होती. 'स्क्रब्ज' एनबीसीवर लागायची आणि स्टुडिओ एबीसी या तिसऱ्या वाहिनीच्या घरचा, म्हणून 2009 मध्ये ती एबीसीवर गेली. 'लास्ट मॅन स्टँडिंग' एबीसीनं 2017 मध्ये सोडली आणि पुढच्या वर्षी फॉक्सनं उचलली. बनवणारा स्टुडिओ फॉक्सचाच होता.

आपल्याकडं हा रस्ता जवळजवळ बंद आहे. बहुतेक वेळा वाहिनी निर्मात्याला भागामागं ठरलेली रक्कम देते आणि हक्क स्वतःकडं ठेवते. त्यामुळं एका मराठी वाहिनीनं बंद केलेली मालिका दुसरी वाहिनी उचलत नाही, तिची इच्छा असली तरी. परत येते ती त्याच घरात. 'साराभाई वर्सेस साराभाई' स्टार वनवर 2004 ते 2006 चालली, टीआरपीत कधी फार वर गेली नाही, नंतरच्या पुनःप्रक्षेपणांतून आणि इंटरनेटवरून तिचा प्रेक्षक वाढत गेला. 2017 मध्ये दुसरा हंगाम आला तो हॉटस्टारवर, म्हणजे तेव्हाच्या स्टारच्याच मंचावर. 'खिचडी'ही स्टार प्लस, स्टार वन आणि 2018 मध्ये पुन्हा स्टार प्लस अशी एकाच समूहात फिरली.

संपवलेल्या मालिकेचं गणित उलटं असतं. तिथं वाहिनीला ती हवी असते. अमेरिकेत 'साइनफेल्ड' 1998 मध्ये अव्वल असताना थांबली. 'द बिग बँग थिअरी' 12 हंगाम आणि 279 भागांनंतर 2019 मध्ये थांबली, कारण शेल्डन या मुख्य पात्राचं काम करणाऱ्या जिम पार्सन्सला पुढं करायचं नव्हतं. तिथं कलाकारांचे सुरुवातीचे करार सहा-सात वर्षांचे असतात, ते संपले की मानधन उडी घेतं. 'फ्रेंड्स'च्या सहाही जणांना शेवटच्या दोन हंगामांत भागामागं 10 लाख डॉलर मिळत होते. अशा टप्प्याला लेखक-कलाकार थकलेले असतात आणि वाहिनीचाही हिशेब ताणलेला असतो. मग वर्षभर आधी ठरवून नीट निरोप दिला जातो.

परत आणताना हा फरक नडतो. बंद केलेली मालिका अर्धवट तुटलेली असते, तिला शेवट नसतो, म्हणून धागा उचलणं सोपं. अडचण वेळेची. बंद झाल्याचं कळलं की काही आठवड्यांत कलाकारांवरचा कराराचा हक्क सुटतो, सेट मोडतात, लेखक दुसरीकडं लागतात. एका दिवसात वाचलेली मालिका तशीच्या तशी पुढं जाते, सात वर्षांनी आणलेली जात नाही. 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' फॉक्सनं 2006 मध्ये बंद केली, नेटफ्लिक्सनं 2013 मध्ये आणली. तोवर सगळे कलाकार इतके गुंतलेले की एकत्र तारखा मिळेनात. शेवटी एकेका पात्रावर एकेक भाग लिहावा लागला. जिची सगळी गंमत घरातली माणसं एकमेकांवर आदळण्यात होती, तिचं यात मोठं नुकसान झालं.

संपवलेल्या मालिकेत अडचण शेवटाचीच. 'विल अँड ग्रेस'च्या 2006 च्या अखेरच्या भागात दोघांची मुलं मोठी झालेली दाखवली होती. 2017 मध्ये परत आणताना ते सगळं कॅरन या पात्राचं स्वप्न होतं असं सांगून पुसावं लागलं. 'रोझॅन'मध्ये 1997 च्या शेवटी नवरा डॅन आधीच वारला होता असं उघड झालं, 2018 मध्ये तो जिवंत होता. प्रेक्षक पहिल्या आठवड्याला हे सोसतो, पुढं मात्र नव्या गोष्टीत दम लागतो. 'रोझॅन' बंद झाली ती वेगळ्याच कारणानं. प्रेक्षक भरपूर असताना मुख्य अभिनेत्री रोझॅन बारच्या एका वर्णद्वेषी ट्वीटनंतर एबीसीनं 29 मे 2018 ला ती रद्द केली आणि बाकीचं कुटुंब घेऊन ऑक्टोबरमध्ये 'द कॉनर्स' सुरू केली.

रंगभूमीवर परत आणण्याचं हे काम किती हलकं असतं ते मराठवाड्यानं पाहिलं आहे. लक्ष्मण देशपांडे 2009 मध्ये गेले, तरी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुढं संदीप पाठक यांनी उभं केलं. एकपात्री प्रयोगाला एक समर्थ नट आणि परवानगी पुरते. मालिकेला आठ-दहा जणांच्या तारखा, सेट, लेखकांचा चमू आणि वाहिनीवरची जागा एकाच वेळी लागते, त्यातलं एक निसटलं तरी काम अडतं.

मराठी मालिकांत बंद आणि संपलेली हे ओळखणं जरा कठीण, कारण रोजच्या मालिकेला बहुधा काही आठवड्यांची मुदत मिळते आणि त्यात घाईनं शेवट गुंडाळला जातो. तरी खुणा दिसतात. रात्री आठची मालिका आधी साडेदहाला किंवा दुपारी सरकते. नव्या मालिकेच्या जाहिरातीत तीच वेळ दिसते. महिनोन्‌महिने रेंगाळलेलं भांडण दोन भागांत मिटतं, एकदम काही वर्षांची उडी येते. हे दिसलं तर निर्णय वाहिनीचा समजावा. निरोपाची तारीख खूप आधी जाहीर झाली आणि जुनी पात्रं भेटायला आली, तर मालिका संपवलेली आहे.

"परत येतेय" अशी बातमी आली तरी नेमकं काय येतंय ते पाहावं. 2020 च्या टाळेबंदीत चित्रीकरणं थांबल्यावर दूरदर्शननं 1993 ची 'देख भाई देख' लावली, ते पुनःप्रक्षेपण होतं, एकही नवा भाग नव्हता. 2021 चा 'फ्रेंड्स'चा कार्यक्रम कलाकारांच्या गप्पांचा, पात्रांची गोष्ट त्यात पुढं गेली नाही. 'दिल दोस्ती दुनियादारी' 2016 मध्ये संपल्यावर 2017 मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' आली, तीच वाहिनी आणि तेच चेहरे, पण पात्रं आणि गोष्ट सगळी नवी. जुन्या घराची वाट पाहत बसलेला प्रेक्षक तिथं चुकला, आणि ती वेगळी मालिका म्हणून पाहणाऱ्याला तिच्यात पाहण्यासारखं बरंच होतं.